आगगाडीच्या घड्याळाला शिस्त लावणारे वेब बॉल

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, आजोबांच्या लाकडी पेटीत किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात, एखादे जुने खिशातले घड्याळ सापडते. त्याच्या पाठीवर धूर सोडीत धावणारे इंजिन उमटविलेले असते, तबकडीवर रेल्वे रेग्युलेटर किंवा तशाच थाटाची अक्षरे असतात, आणि हे घड्याळ पूर्वी कोणा गार्डाच्या खिशात होते अशी घरातल्यांची दृढ समजूत असते. आमच्या घरीही असे एक घड्याळ होते. त्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. पुढे एकदा एका वृद्ध घड्याळजीने त्याचे मागचे झाकण उघडून डोळ्याला भिंग लावले आणि क्षणभराने, आमचे मन दुखावू नये इतपत हळू आवाजात, हे घड्याळ रेल्वेचे नव्हे असे सांगितले. ते रॉस्कॉफ पद्धतीचे, म्हणजे गोरगरिबांना परवडावे म्हणून स्वित्झर्लंडमध्ये तयार होऊ लागलेल्या स्वस्त घड्याळांपैकी एक होते. पाठीवरचे इंजिन ही केवळ गिऱ्हाइकाला घातलेली भुरळ होती.

मग रेल्वेचे घड्याळ म्हणावे तरी कोणाला? या प्रश्नाचे रोखठोक उत्तर ज्या गृहस्थांनी दिले आणि ते हजारो मैलांच्या लोहमार्गांवर अमलात आणून दाखविले, त्यांचे नाव वेब्स्टर क्ले बॉल. जग त्यांना वेब बॉल या आटोपशीर नावाने ओळखते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओहायो राज्यात नॉक्स परगण्यात फ्रेडरिकटाऊन नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाचे पाचवे दशक सरत असताना त्या भागातील एका शेतकरी कुटुंबात बॉल यांचा जन्म झाला. शेतीत त्यांचे मन रमले नाही. तरुणपणी ते एका जवाहिऱ्याकडे उमेदवारीला राहिले. त्या काळी जवाहिरा हाच घड्याळजीही असे. अंगठ्या आणि घड्याळे एकाच काचपेटीत मांडलेली असत. उमेदवारीनंतर घड्याळांची बाह्य घरे तयार करणाऱ्या ड्यूबर यांच्या व्यवसायात त्यांनी काही वर्षे काढली. त्यामुळे घड्याळाचे अंतरंग आणि घड्याळाचा बाजार या दोहोंचेही ज्ञान त्यांना लहान वयातच झाले. १८७९ साली ते ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या क्लीव्हलंड शहरात आले, एका जवाहिऱ्याच्या दुकानात भागीदार झाले आणि थोड्याच काळात त्या दुकानावर त्यांच्या स्वतःच्या नावाची पाटी लागली.

येथवरचे चरित्र कोणाही उद्यमी दुकानदाराचे वाटेल. परंतु बॉल यांना एक विलक्षण ध्यास होता: दुकानातील घड्याळ नुसते चालून भागत नाही, ते खरी वेळ दाखवीत असले पाहिजे. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण त्या काळी खरी वेळ कोणती, हाच मुळी वादाचा विषय होता. प्रत्येक गाव आपल्या डोक्यावर सूर्य आला की बारा वाजले असे मानी. त्यामुळे शेजारच्या दोन शहरांच्या घड्याळांत पाच-दहा मिनिटांचा फरक सहज पडे. बैलगाडीने किंवा घोडागाडीने जाणाऱ्याला या फरकाची बाधा नव्हती. आगगाडी आली आणि सगळा घोटाळा उघडा पडला. अमेरिकेतील निरनिराळ्या रेल्वे कंपन्या निरनिराळ्या शहरांच्या वेळेनुसार गाड्या चालवीत, आणि मोठ्या स्टेशनांत दोन-तीन घड्याळे शेजारी शेजारी लावलेली असत व त्यांचे काटे एकमेकांशी जुळत नसत.

आपल्याकडचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता. भारतातील रेल्वे बराच काळ मद्रासच्या वेळेने चालत असत, तर मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेला चिकटून होते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईकरांनी आपली वेळ सोडली नाही. ती वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे आणि शहरातून तिचे पुरते उच्चाटन व्हायला १९५५ साल उजाडावे लागले. तेव्हा अमेरिकनांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडा येथील रेल्वे कंपन्यांनी आपसांत करार करून प्रमाणवेळेचे पट्टे अमलात आणले. त्या दिवशी कित्येक गावांत दुपारचे बारा दोनदा वाजले: एकदा सूर्याचे आणि एकदा रेल्वेचे. सरकारचा कायदा यायला पुढे तीसपस्तीस वर्षे लागली. हा बदल लोहमार्गांनीच घडवून आणला. याच सुमारास बॉल यांनी वॉशिंग्टन येथील नाविक वेधशाळेकडून तारायंत्राने येणारे वेळेचे संकेत आपल्या दुकानात घेण्यास प्रारंभ केला. क्लीव्हलंडमधील लोक जाता-येता त्यांच्या दुकानातील घड्याळाकडे पाहून आपापली घड्याळे जुळवून घेऊ लागले. वेळ ही त्यांच्या दुकानात फुकट मिळे. घड्याळाला मात्र पैसे पडत. दुकानदार म्हणून ही युक्ती उत्तम होती यात शंका नाही, पण ती केवळ युक्ती नव्हती, हे पुढील घटनांवरून दिसून येईल.

क्लीव्हलंडच्या पश्चिमेस सुमारे चाळीस मैलांवर किप्टन नावाचे एक लहानसे स्टेशन होते. लेक शोअर अँड मिशिगन सदर्न या मोठ्या रेल्वे कंपनीचा मार्ग तेथून जाई. १८९१ सालच्या एप्रिल महिन्यात तेथे जे घडले, ते अमेरिकेच्या रेल्वे इतिहासात आजही सांगितले जाते.

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचे कसे, हा त्या काळचा रोजचा प्रश्न होता. आजच्यासारखे विजेवर चालणारे सिग्नल तेव्हा सर्वत्र नव्हते. सारी भिस्त वेळापत्रकावर आणि तारेने आलेल्या लेखी हुकमावर असे. अमुक स्टेशनात बाजूच्या रुळावर सरका, तमुक गाडी निघून जाऊ द्या आणि मग पुढे चला, असा तो हुकूम असे. म्हणजेच दोन गाड्यांच्या मध्ये रक्षणाची भिंत कोणती, तर ड्रायव्हरच्या आणि गार्डाच्या खिशातील घड्याळ! ते खरे असेल तर शेकडो माणसे सुखरूप घरी जात. ते खोटे असेल तर काय होई, ते किप्टनला दिसले.

त्या दिवशी पूर्वेकडून एक उतारूंची गाडी पश्चिमेला निघाली होती आणि पश्चिमेकडून वेगवान डाकगाडी येत होती. उतारूंच्या गाडीला एलिरिया स्टेशनात हुकूम मिळाला, की किप्टन येथे बाजूला होऊन डाकगाडीला वाट द्यावी. एलिरियाहून निघाल्यावर वाटेत ओबर्लिन, आणि पुढे किप्टन. जी हकीकत नंतर सर्वत्र सांगितली गेली ती अशी, की या प्रवासात ड्रायव्हरचे घड्याळ चार मिनिटे थांबले आणि मग आपोआप पुन्हा चालू झाले. त्याच्या घड्याळाप्रमाणे किप्टनला पोचायला पुरेसा अवधी होता. गार्डाच्या खिशातही घड्याळ होते. पण ड्रायव्हर वेळ पाहत असेलच, अशा भरवशावर त्याने ते बाहेर काढलेच नाही. उतारूंची गाडी किप्टनला पोचली तेव्हा डाकगाडी भरधाव समोर येऊन ठाकली होती. टक्कर झाली आणि माणसे दगावली. त्यांत डाकगाडीच्या डब्यात पत्रांची वर्गवारी करीत असलेल्या टपाल कारकुनांचा मोठा भरणा होता. ज्यांचा या वेळेच्या हिशेबाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली.

चार मिनिटे म्हणजे किती? ताशी ४५ मैलांनी जाणारी गाडी चार मिनिटांत तीन मैल जाते. ड्रायव्हरला वाटत होते त्याहून समोरची गाडी तीन मैल जवळ आली होती, असे म्हटले म्हणजे त्या चुकीचे स्वरूप ध्यानात येईल. थांबून पुन्हा चालू झालेले घड्याळ हे बंद पडलेल्या घड्याळापेक्षा कितीतरी अधिक घातकी असते. बंद घड्याळ कानाशी धरले तर ते मुके असल्याचे कळते. चालू घड्याळ टिकटिक करीत राहते, आणि मधल्या काळातल्या मौनाला कोणी साक्षीदार नसतो.

घड्याळामुळे गाड्या आदळण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हता. ज्या १८५३ साली आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील व्हॅली फॉल्स येथे गार्डाच्या घड्याळाच्या चुकीने दोन गाड्या समोरासमोर आदळल्या होत्या. त्यानंतर काही कंपन्यांनी घड्याळांविषयी नियम केलेही होते. म्हणून रेल्वेच्या घड्याळाची सारी शिस्त बॉल यांनी एकट्याने शून्यातून निर्माण केली, असे जे काही ठिकाणी लिहिले जाते, ते अतिशयोक्तीचे आहे. पण नियम करणे वेगळे आणि तो पाळला जातो की नाही हे दर पंधरवड्याला पाहणे वेगळे. बॉल यांचे श्रेय या दुसऱ्या गोष्टीत आहे.

किप्टनच्या अपघातानंतर काही महिन्यांतच लेक शोअर कंपनीने वेब बॉल यांना पाचारण केले आणि आपल्या मार्गांवरील घड्याळांचे मुख्य निरीक्षक नेमले. त्यांनी पाहणी केली, तेव्हा कामगारांच्या खिशांतील घड्याळांत कोणताच मेळ नव्हता. ज्याला जे परवडेल ते घड्याळ तो बाळगीत असे. कोणाचे झाकणाचे, कोणाचे किल्लीचे, कोणाचे वाडवडिलांपासून चालत आलेले. घड्याळ दुरुस्त कधी केले होते, याची नोंद कोणापाशीही नव्हती.

बॉल यांनी बसविलेली पद्धत समजायला सोपी होती, आणि म्हणूनच ती टिकली. लोहमार्गावरील मोठ्या स्टेशनांच्या गावी एकेक भरवशाचा घड्याळजी स्थानिक निरीक्षक म्हणून नेमला गेला. त्याच्यापाशी तारेने जुळविलेले प्रमाणघड्याळ असे. गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने दर दोन आठवड्यांनी त्याच्याकडे जाऊन आपले घड्याळ ताडून पाहायचे. घड्याळ किती सेकंद पुढे किंवा मागे आहे, ते एका कार्डावर लिहिले जाई आणि ते कार्ड कामगाराने जवळ बाळगायचे. आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक चूक आढळली, तर घड्याळ दुरुस्तीला जाई व तोवर कामगाराला दुसरे तपासलेले घड्याळ उसने मिळे. घड्याळ नाही म्हणून रोजगार बुडाला, अशी सबब कोणाला सांगता येऊ नये आणि खोटे घड्याळ घेऊन कोणी इंजिनावर चढू नये, या दोन्ही गोष्टी त्यात साधल्या.

आठवड्याला ३० सेकंद हा आकडा विद्यार्थ्यांनी नीट तपासून पाहावा. आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. म्हणजे सुमारे वीस हजार सेकंदांत, किंवा साधारण साडेपाच तासांत, फक्त एका सेकंदाची चूक क्षम्य! त्यातही हे घड्याळ एखाद्या वेधशाळेच्या तळघरात निवांत टांगलेले नसे. ते इंजिनाच्या धक्क्यांत, भट्टीच्या धगीत आणि हिवाळ्यातील हिमवृष्टीत माणसाच्या खिशात उलटेसुलटे होत असे. अशा घड्याळाकडून ही अपेक्षा करायची, तर त्याच्या बांधणीत काय काय हवे, याचा विचार क्रमाने आला. १८९३ च्या सुमारास या अटींना निश्चित रूप मिळाले आणि पुढील वर्षांत त्यांत भर पडत गेली.

पहिली अट तबकडीची. घड्याळाला वरचे झाकण नको. काच उघडी हवी, कारण एका हाताने यंत्र सांभाळणाऱ्याला दुसऱ्या हाताने झाकण उघडीत बसायला सवड नसते. तबकडी पांढरी, अंक ठसठशीत काळे, आणि तेही साधे. रोमन अंकांना मज्जाव होता. काटे काळे आणि जाड. चावी देण्याचा गोंडा बाराच्या अंकावर असला पाहिजे, म्हणजे घड्याळ खिशातून काढताच तबकडी सरळ दिसते. आकार अमेरिकन मापाने १६ किंवा १८ क्रमांकाचा, म्हणजे आतील यंत्राचा व्यास पावणेदोन इंचांच्या आसपास.

पुढच्या अटी यंत्राच्या. घड्याळातील चाकांचे आस जेथे फिरतात, तेथे माणकासारखा कठीण खडा बसविला तर घर्षण आणि झीज कमी होते. घड्याळजी त्याला ज्युएल म्हणतात. रेल्वेच्या घड्याळात असे किमान १७ खडे हवेत, हा नियम झाला. मागेपुढे झुलून काळाचे तुकडे पाडणारे जे तोलचाक, ज्याला बॅलन्स म्हणतात, ते साधारणपणे सेकंदाला पाच ठोके घेते. म्हणजे दिवसाला ४,३२,०००. उष्णतेने धातू प्रसरण पावला आणि बारीक स्प्रिंगचा जोर कमी झाला, की हे ठोके मंदावतात. त्यावर उपाय म्हणून बॅलन्सची कड आत पोलाद व बाहेर पितळ अशी दुपदरी करून दोन ठिकाणी कापलेली असे. उष्णता वाढली की पितळ अधिक ताणले जाऊन कड आत वळे आणि चाकाचा वेग सावरला जाई. फॅरनहाइटच्या ३४ ते १०० अंशांपर्यंत घड्याळ असे सावरलेले असावे, असे ठरले. शिवाय ते पाच स्थितींत तपासलेले असले पाहिजे: तबकडी वर, तबकडी खाली, गोंडा वर, गोंडा डावीकडे आणि गोंडा उजवीकडे. टेबलावर निजवून ठेवलेले घड्याळ खरे चालते आणि खिशात उभे राहिले की चुकते, हा अनुभव तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना असेलच.

या सर्व अटींत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती काटे फिरविण्याविषयीची अट. साध्या घड्याळात गोंडा किंचित ओढला की काटे फिरतात. चावी देता देता तो नकळत ओढला गेला, तर काटे सरकतात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून रेल्वेच्या घड्याळात काटे फिरविण्यासाठी वेगळी तरफ असावी लागे. काचेचे कडे फिरवून काढायचे, तबकडीच्या कडेला दडलेली बारीक तरफ नखाने बाहेर ओढायची, मग गोंडा फिरवून काटे जुळवायचे, तरफ आत ढकलायची आणि काच पुन्हा बसवायची. एवढा खटाटोप चुकून कोणाच्याही हातून होत नाही. माणूस चुकेल हे गृहीत धरून यंत्राची रचना करायची, हा विचार त्या नखाएवढ्या तरफेत भरलेला आहे.

बॉल यांची ही व्यवस्था एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीकडे जात जात अमेरिकेतील बहुसंख्य लोहमार्गांवर, तसेच कॅनडा व मेक्सिको येथेही पसरली. या प्रसाराबरोबर एक अवघड प्रश्नही उभा राहिला आणि चरित्रलेखकाने तो झाकून ठेवणे बरे नव्हे. घड्याळे तपासणारे बॉल स्वतः घड्याळे विकतही होते. त्यांचा घड्याळांचा कारखाना नव्हता. हॅमिल्टन, वॉल्थम, एल्जिन, इलिनॉय, हॉवर्ड अशा नामांकित कंपन्यांकडून ते आपल्या अटींप्रमाणे यंत्रे करवून घेत, स्वतः ती तपासून घेत आणि त्यांवर आपले नाव व अधिकृत रेल्वे प्रमाण अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे घालून विकत. रेल्वे कामगारांच्या संघटनांची नावे मिरविणारी घड्याळेही त्यांनी बाजारात आणली. परीक्षक आणि विक्रेता एकच असला, की लोकांच्या मनात शंका यायचीच. शिवाय घड्याळाचा खर्च कंपनी करीत नसे. तो कामगाराच्या पगारातून जाई आणि पुष्कळांना ते हप्त्यांनी घ्यावे लागे. इंजिनात कोळसा घालणाऱ्या माणसाला १७ खड्यांचे घड्याळ ही चैन नव्हती, ती त्याच्यावरची सक्ती होती.

बॉल यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की अटींत बसणारे घड्याळ कोणत्याही कंपनीचे असले तरी ते चालत असे. त्यांच्याच दुकानातले घ्या, असा नियम नव्हता. त्यांच्या अटींमुळे सगळ्याच कारखान्यांना आपला माल सुधारावा लागला. माझ्या मते त्यांनी या कामात पैसा मिळविला हे खरे, आणि त्यांच्यामुळे माणसे वाचली हेही खरे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

या चुरशीतून अमेरिकन घड्याळांचे वैभवाचे दिवस आले. १८९२ साली पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे स्थापन झालेल्या हॅमिल्टन कंपनीचे ९९२ क्रमांकाचे, २१ खड्यांचे घड्याळ इंजिनचालकांचे लाडके झाले. वॉल्थमचे व्हँगार्ड, एल्जिनचे बी. डब्ल्यू. रेमंड, इलिनॉय कंपनीचे बन स्पेशल ही नावे त्या काळी रेल्वेच्या वसाहतींतून घोड्यांच्या नावांसारखी तोंडी असत. बन स्पेशलचा एक प्रकार एकदा चावी दिली की ६० तास चाले.

काही घड्याळांत गरजेप्रमाणे चमत्कारिक सोयी केलेल्या आढळतात. सांता फे मार्गाचे घड्याळ-निरीक्षक हेन्री माँटगोमेरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तबकडीवर केवळ बारा तासच नव्हे, तर १ पासून ६० पर्यंत प्रत्येक मिनिटाचा आकडा छापलेला असे. कॅनडातील काही मार्गांवर चोवीस तासांची पद्धत होती, म्हणून तेथील तबकडीवर आतल्या वर्तुळात तेरापासूनचे अंक दिसतात. वेळेच्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर काम करणाऱ्यांसाठी दोन तासकाटे असलेली घड्याळे होती. दोन काट्यांमध्ये बरोबर एका तासाचे अंतर. आणि कित्येकांत बाराच्या अंकाखाली एक चिमुकली तबकडी असे, तिच्यावरचा काटा चावी किती उरली आहे ते सांगे. शिदोरी किती उरली हे डबा न उघडता कळावे, तशी ही सोय.

आता कोणाच्या हाती जुने घड्याळ आले, तर ते खरोखर रेल्वेचे आहे का, हे त्याने कसे ओळखावे? घराच्या पाठीवरील इंजिनाच्या चित्रावर मुळीच जाऊ नये. घड्याळाचे घर आणि आतील यंत्र ही पुष्कळदा वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होत आणि दुकानात एकत्र येत. पुढेही घरे बदलली जात. म्हणून घराच्या आतील क्रमांक हा यंत्राचा क्रमांक नव्हे. मागचे झाकण जाणत्या घड्याळजीकडून उघडवून घ्यावे. घरी सुरी घालून उघडण्याचा प्रयत्न केल्यास इजा घड्याळाला किंवा बोटाला होतेच. यंत्राच्या पत्र्यावर कंपनीचे नाव, खड्यांची संख्या, किती स्थितींत तपासले ते, आणि क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून कारखान्यांच्या जुन्या याद्यांत निर्मितीचे वर्ष सापडते. गोंडा बारावर आहे की तीनवर? तीनवर असेल, तर ते झाकणाच्या घड्याळाचे यंत्र उघड्या घरात बसविलेले असते; असे घड्याळ मूळ अटींत बसत नाही. काटे तरफेने फिरतात की गोंडा ओढून? वेग कमीजास्त करण्यासाठी बारीक आट्यांचा स्क्रू आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की पाठीवर इंजिन असो वा नसो, निकाल लागतो. नकली मालही त्या काळी पुष्कळ होता. खऱ्या घड्याळांची प्रतिष्ठा वाढली, तशी २३ खडे असे खोटेच कोरलेली स्वस्त घड्याळेही बाजारात आली.

इंग्रजीत सावध व तत्पर माणसाविषयी एक वाक्प्रचार आहे, त्यात चेंडूचा उल्लेख येतो, आणि बॉल या आडनावाचा अर्थही चेंडू असा होतो. तेवढ्यावरून तो वाक्प्रचार बॉल यांच्या घड्याळांपासून निघाला, अशी एक कथा सांगितली जाते. ऐकायला ती गोड आहे. पण भाषेचे अभ्यासक तो मैदानी खेळांतूनच आला असे मानतात, आणि मलाही तसेच वाटते.

वेब बॉल १९२२ सालच्या मार्च महिन्यात क्लीव्हलंड येथे निवर्तले. त्यांचे पुत्र सिडनी बॉल यांनी व्यवसाय पुढे चालविला. पुढे लोहमार्गांवर आपोआप चालणारे सिग्नल आले, बिनतारी संदेश आले, १९६० नंतर मनगटी घड्याळांनाही परवानगी मिळाली, आणि हॅमिल्टन कंपनीने १९६९ च्या सुमारास आपल्या रेल्वे घड्याळाची निर्मिती थांबविली. बॉल हे नाव आता स्वित्झर्लंडमध्ये तयार होणाऱ्या मनगटी घड्याळांवर असते.

आमच्या घरचे ते इंजिनाचे घड्याळ अजून पेटीत आहे. चावी दिली की अर्धा तास चालते, मग थांबते, आणि पेटीला धक्का लागला की पुन्हा चालू होते.